नववीच्या प्रयोगाला मुली हात का लावत नाहीत?

विज्ञानवाल्या_बाई

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात एका अनुदानित माध्यमिक शाळेत मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. प्रश्न स्टाफरूममध्ये काढला की हसण्यावारी जातो, म्हणून इथे टाकतेय.

नववीत ४६ जण आहेत, त्यात मुली २५. चाचणीला पहिल्या दहांत सात मुली. ओहमचा नियम झोपेतून उठवून विचारला तरी सांगतील. विद्युत परिपथाची आकृती तर अशी काढतात की पुस्तकात छापावी. बॅटरी, कळ, अमीटर एकसर, व्होल्टमीटर समांतर, बाणसुद्धा बरोबर दिशेला. आणि प्रयोगशाळेत पाऊल टाकलं की त्याच मुली टेबलापासून हातभर लांब. वही उघडून, पेन्सिलीला टोक काढून उभ्या. पुढे चार पोरं वायरी खुपसत असतात, एक जण काटा वाचून ओरडतो, मुली तो आकडा लिहून घेतात. तासाच्या शेवटी मुलींच्या नोंदी सगळ्यात सुंदर. प्रयोग त्यांनी केलेलाच नसतो.

'लाजतात हो पोरी' असं कुणी लिहू नका. लाजत बिजत नाहीत. कबड्डीला विभागापर्यंत गेल्यात. आजीला घेऊन बँकेत जातात आणि काउंटरवरच्या साहेबाला दोन गोष्टी ऐकवून येतात.

एका मुलीचं सांगते, तिला 'स' म्हणू. तिच्या वडिलांचं बाजारपेठेत मोटर भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान आहे. उन्हाळ्यात आमच्या विहिरीवरची तीन एचपीची मोनोब्लॉक मोटर जळाली, ती तिथंच भरायला टाकली होती. आणायला गेले तर ही पोरगी ओट्यावर मांडी घालून बसलेली, स्टेटरच्या खाचांत तार घालतेय. वेढे मोजून कॉइल बांधायची, खाचेत इन्सुलेशनचा कागद सरकवायचा, वर बांबूची पट्टी ठोकायची. मग सिरीजचा दिवा लावून कुठे तुटलंय का ते बघायचं. वडील बाहेर गिऱ्हाईकाशी बोलत होते, त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही, इतकी त्यांना तिची खात्री.

तीच 'स' सोमवारी माझ्या प्रयोगशाळेत अमीटरला बोट लावत नाही. म्हटलं, "तू जोड की गं." तर म्हणाली, "नको बाई, त्यो जोडतोय की." त्यो म्हणजे एक पोरगा, ज्याने तोवर व्होल्टमीटरची धन बाजू ऋणाला जोडून काटा उलटा पळवला होता.

घरी जे हात चालतात ते शाळेत का थांबतात? आणि मुख्य म्हणजे, कुणी यावर वर्गात काही करून पाहिलंय का? भाषण नको, करून पाहिलेलं सांगा.

---

तात्या_माळशिरस

बाई, राग मानू नका, पण दुखणं कुठाय तेच कळेना. २०२४ च्या दहावीला राज्यात मुलींचा निकाल ९७.२१ टक्के, मुलांचा ९४.५६. दरवर्षी पेपरात तीच बातमी, 'यंदाही मुलींचीच बाजी', आणि खाली उड्या मारणाऱ्या पोरींचा फोटो. काळजी करायची तर पोरांची करा. आमचं रत्न दहावीला आहे, त्याला विचारलं आवर्ती सारणी म्हणजे काय, तर म्हणतो भिंतीवर लावतात तो तक्ता. वायरी मात्र दिवसभर जोडतो. घरातले दोन चार्जर जाळले.

---

विज्ञानवाल्या_बाई

तात्या, तुमच्या रत्नाला माझ्याकडे पाठवा, मी 'स'च्या शेजारी बसवते.

निकालाचं म्हणाल तर दहावीला विज्ञानाचे भाग १ आणि भाग २ मिळून ८० गुण लेखी, २० प्रात्यक्षिकाचे. हे २० शाळेच्या हातात असतात आणि कसे पडतात ते इथल्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. वही पूर्ण, कव्हर घातलेलं, आकृत्या नीट, की टाका १९. एकदाही परीक्षानळी न धरता विज्ञानात ९० पार होता येतं, आणि आमच्या मुली होतात.

माझी काळजी पुढची आहे. गावात कनिष्ठ महाविद्यालय आहे, पण फक्त आर्ट्सचं. सायन्स तालुक्याला, २२ किलोमीटर. गेल्या वर्षी विज्ञानात ८० च्या वर असलेल्या मुलींतल्या निम्म्याहून जास्त गावातच आर्ट्सला बसल्या. पोरं ६० वाली असली तरी मोटारसायकल काढून सायन्सला जातात. मुलीला विचारलं, "तुला काय वाटतं?" तर उत्तर येतं, "मला जमंल का नाही काय माहीत." ९० गुण मिळवलेल्या मुलीला जमेल की नाही हे माहीत नाही, कारण तिनं स्वतःच्या हातानं काही जमवून पाहिलेलंच नाही. मला कुठे खटकतं ते हे आहे.

---

निवृत्त_लॅबवाला

बाई, मी कोल्हापूर भागातल्या शाळेत प्रयोगशाळा सहायक होतो, हयात त्या कपाटांच्या किल्ल्या सांभाळण्यात गेली. शिक्षक लोक सांगणार नाहीत ते मी सांगतो.

पयलं म्हणजे डेडस्टॉक रजिस्टर, शाळेच्या टिकाऊ सामानाची नोंदवही. अमीटर त्यात चढलेला असतो. जळाला तर त्याचं उत्तर द्यायचं कुणी? सहायकानं नाहीतर सरांनी. म्हणून वर्गात सोडताना आम्हीच दम भरायचो, 'मोडलं तर भरून घेईन.' हा दम पोरांच्या कानावरनं जातो. त्यांना घरी दिवसातनं धा वेळा दम मिळतो, त्याची किंमत राहिलेली नसते. मुलगी तो दम खरा धरते. घरी जाऊन बापाला अमीटरचे पैसे मागायचे ही कल्पनाच तिला नको असते. तिच्या जागी मी असतो तरी हात लावला नसता.

तुमच्या प्रयोगशाळेत पाटी असणार बघा, 'विचारल्याशिवाय उपकरणांना हात लावू नये.' आमच्यात तांबड्या ऑइलपेंटनं लिहिली होती. ती पाटी मानणारी फक्त मुलींची रांग.

म्हणून माझा उपाय रजिस्टराच्या बाहेरचा. साधे दीड व्होल्टचे सेल, टॉर्चचे दिवे, होल्डर, चार-चार हात वायर, पत्र्याच्या पट्ट्या, एक पॉलिश पेपर. ह्यातलं काहीच डेडस्टॉकवर चढत नाही. बुटाच्या खोक्यात घाला आणि खोकं मुलींच्या हातात द्या. मोडा म्हणावं. चालू मीटर शेवटी आणायचे.

दुसरं, गट. आठ जणांच्या गटात दोघं प्रयोग करतात, दोघं बघतात, बाकीचे खिडकीतनं बाहेर. तिघांचाच गट करा. मीटर पुरत नसतील तर अर्धा वर्ग आकृती काढू दे, अर्धा जोडू दे, मग पाळी बदला. आणि पहिलं सहामाही सत्र मुलींचे गट वेगळे ठेवा. पोरगा शेजारी असला की तो हिसकावतो. वाईट बुद्धीनं नाही, त्याला वाटतं आपण मदत करतोय. एका रीडिंगला जी जोडणार ती पुढच्या रीडिंगला लिहिणार, हा नियम मोडू द्यायचा नाही.

तिसरं, चुकीची जोडणी मुद्दाम करायला लावा. व्होल्टमीटर एकसर लावा म्हणावं, बघा काय होतंय. दिवा लागत नाही, अमीटरचा काटा जागचा हलत नाही आणि व्होल्टमीटर मात्र सेलचं जवळजवळ सगळं विभवांतर दाखवत बसतो. का? पोरींना रात्रभर झोप लागत नाही. व्होल्टमीटरचा रोध जास्त असतो हे वाक्य धा वर्षं वहीत लिहिलं तरी जे कळत नाही ते इथं कळतं. फक्त अमीटर समांतर लावू देऊ नका, तो एका झटक्यात जातो आणि मग मला शिव्या घालाल.

---

जालन्याची_वायरमन

बाई, तुमची 'स' वाचून मला माझीच गोष्ट वाचल्यासारखं झालं, फक्त आमचं दुकान नव्हतं, शेती होती. रात्री लाइट आली की डीपीवर जाऊन फेज बघणं, स्टार्टर दाबणं हे माझंच काम, कारण दादा हॉस्टेलला. आता मी पुण्यात इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे.

माझं जमलं त्याला एक कारण आहे. आमच्या शाळेत पाबळच्या विज्ञान आश्रमाचा आयबीटी विषय होता, म्हणजे मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख. शिरूर तालुक्यातलं पाबळ. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये तिथे आश्रम सुरू केला आणि हाताने काम करत शिकायची ही पद्धत पुढे शाळांमध्ये नेली. आठवी ते दहावी, आठवड्यातला एक दिवस पूर्ण त्याचा. वेल्डिंग, घराचं वायरिंग, प्लंबिंग, माती परीक्षण, कोंबड्या, रक्तगट तपासणं, सगळं. आणि सगळ्यांना सगळं. मुलींना शिवण आणि मुलांना सुतारकाम असली वाटणी नव्हतीच. आठवीत मी पहिल्यांदा वेल्डिंगचा होल्डर धरला तेव्हा रॉड चिकटला. सर म्हणाले, "चिकटणारच, ओढ." बस. कुणी घाबरवलं नाही, कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत. आम्ही बनवलेला स्टँड अजून शाळेत पाण्याच्या टाकीखाली आहे, वाकडा आहे पण आहे.

काकांचं खोकं एकदम बरोबर. वेगळ्या गटाबद्दल मात्र माझं मत वेगळं. माझ्या वर्गात आज साठात आम्ही नऊ मुली. इथे कुणी वेगळा गट करून देत नाही. सवय नववीतच लागली तर बरं. तिघांच्या गटात दोन मुली आणि एक मुलगा ठेवून बघा. मग हिसकावणाऱ्याला बहुमत नसतं.

दोन गोष्टी कुणीच लिहिल्या नाहीत म्हणून लिहिते.

एक, बस. आम्ही सरकारच्या मानव विकास योजनेच्या निळ्या बसने यायचो, मोफत पासवर. ती बस नसती तर आठवीनंतर मी घरी बसले असते, त्यामुळे तिच्याविरुद्ध एक शब्द नाही. पण ती सव्वापाचला सुटायची म्हणजे सुटायची. विज्ञान मंडळ, प्रदर्शनाची तयारी, सरांचे जादा प्रयोग, सगळं शाळा सुटल्यावर. मुलं सायकलवाली, थांबायची. प्रदर्शनात उपकरण मुलांचं का असतं याचं अर्धं उत्तर एसटीच्या वेळापत्रकात आहे.

दोन, पाळी. आमच्या मुलींच्या मुतारीत पाणी नसायचं. त्या दिवसांत मुली एकतर येत नाहीत, नाहीतर आल्या तरी जागेवरून उठत नाहीत. प्रात्यक्षिकाला पूर्ण दोन तास उभं राहायचं असतं. बाई, तुम्हाला हे मी सांगायला नको, पण इथे तात्या आणि काकाही वाचतायत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

---

निवृत्त_लॅबवाला

लिहिलंस ते चांगलं केलंस पोरी. इतकी वर्षं किल्ल्या माझ्याकडं होत्या, पाण्याच्या टाकीची पण होती. हे कुणी माझ्यापाशी बोललं नाही.

---

ठाणेकर_आई

शहरात सगळं छान चाललंय असा समज नको. माझी मुलगी नववीत, मराठी माध्यम, यंदा होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेला बसली आहे. ही परीक्षा सहावी आणि नववीला असते. लेखी झाली की प्रात्यक्षिकाची फेरी, मग प्रकल्प आणि मुलाखत. आमच्याकडे प्रात्यक्षिकाच्या फेरीचेसुद्धा क्लास निघालेत! मुलांना प्रयोग 'पाठ' करून घेतात.

घरचं सांगायचं तर वाढदिवसाला तिला आलेला सायन्स किट साबण बनवायचा होता, आणि भाच्याला आला तो मोटर, गिअर, दिवेवाला. देणारी मावशी एकच. अकरावीचं बोलणं निघालं की आजी म्हणते, "हिला बायो घेऊ दे, डॉक्टर होईल." बायो वाईट नाही. पण हिला भिंगं आवडतात. खिडकीसमोर बहिर्वक्र भिंग धरून समोरच्या इमारतीची उलटी प्रतिमा भिंतीवर पाडत बसते, ते कुणाच्या लक्षात येत नाही.

बाई, तुमच्या मुलींना कमला सोहोनींबद्दल सांगा. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठातून पहिल्या येऊनही केवळ बाई म्हणून त्यांना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश नाकारला होता. त्यांनी हट्ट सोडला नाही. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेऊन परत आल्या. असं काही ऐकलं की मुलींना बळ येतं.

---

विज्ञानवाल्या_बाई

ताई, सांगते दरवर्षी. आणि दरवर्षी एक गंमत मनात येते, ती इथे लिहूनच टाकते. कमलाबाईंना, म्हणजे तेव्हाच्या कमला भागवतांना, ज्यांनी नाही म्हटलं ते सर सी. व्ही. रामन. एक वर्ष अजमावून बघू या अटीवर घेतलं, आणि त्यांचं काम पाहिल्यावर मग मुलींना दार उघडलं. आता आपण राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा करतो तो २८ फेब्रुवारीला, रामन परिणामाचा दिवस, १९२८ चा. त्या दिवशी आमच्या शाळेत काय असतं? मुलांचं उपकरण प्रदर्शन आणि मुलींची विज्ञान रांगोळी. एकीने हृदयाचा छेद काढलेला, एकीने चांद्रयान, आणि एकीने हटकून रामन. रांगोळी इतकी सुरेख की पाहुणे तिच्यापाशीच फोटो काढतात. रांगोळीत भरलेलं ते चांद्रयान बनवायचं कसं हे कुणी तिला विचारत नाही.

म्हणून म्हटलं होतं, भाषण नको. कमलाबाईंची गोष्ट ऐकून मुली माना डोलावतात, वहीत लिहितात आणि पुन्हा टेबलापासून लांब उभ्या राहतात.

काका, तुमचं खोकं मात्र मी मनावर घेतलंय. दिवाळीनंतर विद्युतधारेचे प्रयोग पुन्हा घेणार आहे, तेव्हा सांगते.

---

विज्ञानवाल्या_बाई

धागा वर काढतेय, कारण सांगायला बरंच साठलंय.

खोकी केली. सेल, दिवे, होल्डर दुकानातून, वायर 'स'च्या वडिलांनी फुकट दिली, वर म्हणाले, "इनॅमलची हवी तर तीपण घेऊन जावा, तुकडे पडूनच असत्यात." गट तिघांचे केले. काका आणि जालन्याची लेक, दोघांचंही ऐकलं. आधी मुलींचे वेगळे, मग दोन मुली-एक मुलगा.

पहिल्याच दिवशी तक्रार आली ती मुलांकडून. "बाई, आमच्यात वही कुणी लिहायची?" हा प्रश्न त्यांना खरोखर पडला होता. दोन गटांच्या नोंदी अशा आल्या की कुठलं रीडिंग अमीटरचं आणि कुठलं व्होल्टमीटरचं ते त्यांचं त्यांना वाचता येईना. एकाने तर आकडे हातावर लिहिले आणि डबा खाताना धुऊन टाकले.

मुलींच्या बाजूला निराळाच घोळ. जोडायला लागल्या, ते लवकर झालं. दिवा लागेना तेव्हा एकीने वायरीचं टोक खरवडून बघितलं, कुणी सांगितलं नव्हतं. पण आलेखावर बिंदू सरळ रेषेत बसेनात तेव्हा चेहरे पडले. "बाई, उत्तर चुकलं." आणि बघते तर तीन वह्यांत खोडरबर फिरलेला, बिंदू गुपचूप रेषेवर आणून ठेवलेले. इतकी वर्षं या मुलींच्या वह्यांतले आलेख मी तपासतेय, सगळे पट्टी लावल्यासारखे सरळ. खऱ्या उपकरणाने इतकी सरळ रेषा कधीच येत नाही. नीटनेटकेपणाचे गुण त्यांना पहिलीपासून मिळत आलेत, बिंदू रेषेबाहेर राहू देणं त्यांच्या अंगात नाही. मग मी जाहीर केलं की खाडाखोड न केलेल्या नोंदीला दोन गुण जास्त. कुजबुज झाली. हुशार मुली जास्त अस्वस्थ.

आता मुख्य गोष्ट. काकांच्या खोक्यात रोधाची तार नव्हती, टॉर्चचा दिवा होता. तर मुलींनी ओहमचा नियम त्या दिव्यावरच लावला. विभवांतराला धारेने भागलं की रोध मिळतो. एका सेलवर हा भागाकार आला सातच्या आसपास. दोन सेलवर नऊच्या पुढे. नियमाप्रमाणे दोन्ही वेळा सारखा यायला हवा. सगळ्या गटांत तेच. वर्गात गोंधळ, मीटर खराब आहे, सेल उतरलाय, बाईंनी मुद्दाम खराब दिवे आणलेत. मी काही बोलले नाही.

'स' मागून म्हणाली, "बाई, दिवा तापतोय ना."

म्हटलं, मग?

"पप्पा गरम मोटरचं रीडिंग घेत नाहीत. गार होऊ देतात. गरम असली की रोध जास्त दावतंय."

पुस्तकात नियमाच्या वाक्यातच आहे, वाहकाची भौतिक अवस्था, म्हणजे तापमानसुद्धा, कायम असताना. हे शब्द या मुलांनी कितीदा लिहिलेत. त्या दिवशी वर्गातल्या एका पोराने पुस्तक उघडून ती ओळ मोठ्याने वाचली आणि म्हणाला, "बाई, हे हितं दिलंय की ओ!" जणू मीच ते लपवून ठेवलं होतं.

त्यानंतर 'स'ला खोक्याची किल्ली दिली नाही की तिला गटप्रमुख केलं नाही. तिला नको होतं. पण आता गटातलं कुणी अडलं की तिच्याकडे वळतात, मुलगेसुद्धा, आणि ती बसल्या जागेवरून सांगते, "टोक खरवड आधी." इनॅमलच्या तारेची सेफ्टीपिन, सेल आणि चुंबकावर फिरणारी ती छोटी मोटर करून घेतली तेव्हा सगळ्यांच्या कॉइल्स नुसत्या हेलकावे खात होत्या. एका टोकाचं इनॅमल, म्हणजे तारेवरचा लेप, पूर्ण काढायचं आणि दुसऱ्याचं एकाच बाजूने, म्हणजे अर्ध्या फेऱ्यात धारा तुटते आणि कॉइल स्वतःच्या झोकाने पुढे जाते. हे मी फळ्यावर सांगत होते, तोवर तिने शेजारच्या दोघींच्या कॉइल्स फिरत्या केल्या होत्या.

सगळं गोड झालं असं नाही. चार-पाच मुली अजून वही घेऊनच उभ्या असतात आणि त्यांना ढकलायची माझी इच्छा नाही. मुख्याध्यापकांनी विचारलं, अभ्यासक्रम कुठवर आलाय. योग्य प्रश्न आहे, दोन पाठ मागे आहे. प्रात्यक्षिकाचा जोडतास मात्र त्यांनी शेवटून उचलून मधल्या सुट्टीनंतर लगेच दिला, तो जालन्याच्या मुलीने लिहिलेल्या बसच्या मुद्द्यामुळे. मुतारीच्या पाण्याचा अर्ज शाळा व्यवस्थापनाकडे दिलाय, हलला नाही.

आणि 'स'च्या वडिलांशी बोलले. माणूस भला. "शिकू दे की बाई, मी कुठं नाही म्हणतोय," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पण रोज तालुक्याला, एकटी..." सरकारने २०२४ मध्ये आठ लाखांच्या आत उत्पन्न असणाऱ्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक पदवीचं शुल्क माफ केलं, ते मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "ते बारावीनंतरचं. मधली दोन वर्सं कशी काढायची?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. जालन्याच्या ताई, तुमचा डिप्लोमा दहावीवरच झाला ना? तिला अजून दीड वर्ष आहे, पण बाप आत्ताच मन ठरवतोय असं दिसतं.

---

जालन्याची_वायरमन

बाई, हो, दहावीवरच. तीन वर्षांचा. दहावीचा निकाल लागला की तंत्रशिक्षण संचालनालयाची प्रवेशप्रक्रिया सुरू होते, मुलींना ३० टक्के जागा राखीव. तुमच्याकडून मिरजेचं शासकीय तंत्रनिकेतन जवळ पडेल, ब्रँचेस आणि मुलींच्या वसतिगृहाच्या जागा मात्र आधी स्वतः जाऊन विचारा, फोनवर कुणी नीट सांगत नाही. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, म्हणजे अकरावी-बारावीची ती रोजची बस मधून निघूनच जाते.

वडिलांना एकदा कुठल्याही तंत्रनिकेतनाची मशीन लॅब दाखवून आणा. शक्यतो मुली प्रॅक्टिकल करत असतील अशा वेळी. माझे बाबा कॉलेजच्या इमारतीने भुलले नव्हते, पण उघडून ठेवलेली मोटर बघितल्यावर अर्धा तास तिथल्या सरांशीच बोलत उभे होते, आणि परत येताना गाडीत हॉस्टेलचं मेसबिल किती येईल ते विचारायला लागले. उत्पन्नाचा दाखला आणि जातीचा असेल तर तोही आत्तापासून काढून ठेवायला सांगा, जूनमध्ये सेतू केंद्रात मरणाची रांग असते.